इव्हेंटच्या कामाला ऑनलाइनचा जोडधंदा कसा लावायचा

इव्हेंटच्या लाइनमध्ये नवीन आलेली मुलं हल्ली दोन टोकाचे प्रश्न विचारतात. एक म्हणजे ऑनलाइन आता संपलंच ना, मग कशाला शिकायचं. आणि दुसरा म्हणजे मंडप, केटरर, पार्किंग ही कटकटच नको, घरी बसून नुसते व्हर्च्युअल इव्हेंट करून पोट भरेल का. माझ्या मते दोन्हीचं उत्तर नाही. होपिन नावाची लंडनची कंपनी आठवत असेल, नुसत्या ऑनलाइन इव्हेंटच्या जोरावर २०२१ मध्ये तिची किंमत सात अब्ज डॉलरच्या वर लावली गेली होती, आणि २०२३ मध्ये त्यांनी तोच इव्हेंटचा धंदा रिंगसेंट्रल या अमेरिकन कंपनीला विकून टाकला. म्हणजे लोक हॉलवर परत आले हे खरंय. पण आपल्याकडे कोरोनात, एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला २५ माणसं आणि दोन तास असा नियम आला होता ना, तेव्हा उरलेल्या गोतावळ्याला जी लिंक पाठवायची सवय लागली ती काही गेली नाही. आज हजार पानांचं लग्न असलं तरी पत्रिकेबरोबर लिंक जातेच, कारण मुलाचा मामा टेक्सासला असतो आणि आजीचे गुडघे तिला साताऱ्याहून पुण्याला येऊ देत नाहीत.

तर मुद्दा एवढाच की ऑनलाइन हा वेगळा धंदा म्हणून धरू नका, हॉलवरच्या कामाला जोड म्हणून धरा. आणि त्यातही कॅमेरा चालवणं म्हणजे ऑनलाइन इव्हेंट असं समजू नका, कॅमेरावाले गल्लोगल्ली आहेत. आपल्याला पैसे मिळतात ते माणसं, वेळ आणि गोंधळ सांभाळायचे, आणि स्क्रीनवरही नेमकं तेच लागतं. जो माणूस भटजी, वधूपक्ष, बँडवाला आणि केटरर या चौघांना एकाच मुहूर्तावर आणू शकतो त्याला झूमवर चार वक्ते सांभाळणं अवघड नाहीये, फक्त थोडं नवीन सामान आणि काही नवीन सवयी लागतात.

आधी बघा तुमचं कॅलेंडर कुठे रिकामं आहे

लग्नाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, आषाढी एकादशी ते कार्तिकी, म्हणजे चातुर्मास, हा सगळा बैठा काळ. मध्ये गणपती, नवरात्र असतात पण ती मंडळांची कामं, प्रत्येकाला मिळतात असं नाही, आणि पितृपक्षात तर कोणी फोनसुद्धा उचलत नाही. तुळशीचं लग्न लागेपर्यंत ऑफिसचं भाडं आणि पोरांचे पगार मात्र चालूच राहतात. ऑनलाइनचं काम पहिल्यांदा इथे बसवायचं. कंपन्यांचे ट्रेनिंग, शाळा-कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, क्लासवाल्यांचे पालकांसाठीचे सेशन, वाचनालयाची व्याख्यानमाला, डॉक्टरांच्या संघटनेचे सीएमई (म्हणजे डॉक्टरांना पुढचं शिक्षण देणारी व्याख्यानं), ऑफिसचा तीन शहरांत मिळून होणारा दिवाळी कार्यक्रम, यातलं काहीही मुहूर्तावर अडत नाही.

डॉक्टरांचं काम जरा नीट समजून घ्या कारण ते परत परत येणारं आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना रजिस्ट्रेशन चालू ठेवायला पाच वर्षांत असल्या कार्यक्रमांचे ३० क्रेडिट तास जमवावे लागतात. कार्यक्रमाला क्रेडिट मिळवायची मंजुरी वगैरे त्यांची संघटना बघेल, पण कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, नावं रजिस्ट्रेशनशी जुळतात का, हा हिशोब त्यांना तयार हवा असतो आणि तिथे त्यांना तुमच्यासारखा माणूस लागतो. झूम ही हाजरी आपोआप काढून देतं, फक्त लोकांनी आत येताना 'गॅलेक्सी एम थर्टीवन' असं फोनचं नाव न ठेवता स्वतःचं नाव टाकलेलं पाहिजे, त्यासाठी दारावर एक माणूस बसवा जो येईल त्याचं नाव बदलून घेतो. हॉलवर रजिस्ट्रेशनच्या टेबलाशी मुलगी बसवता ना, अगदी तेच.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे बाहेरची मंडळं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून, दर दोन वर्षांनी त्यांचं मोठं अधिवेशन असतं, २०२४ चं सॅन होजेला झालं. एवढी मोठी अधिवेशनं तुमच्या हातात लगेच येणार नाहीत, पण प्रत्येक शहरातल्या छोट्या मंडळांना गणपती, दिवाळी, संक्रांत, मराठी भाषा दिन असं वर्षभर काहीतरी करायचंच असतं आणि इथल्या कलाकाराला विमानाने न्यायचं बजेट दरवेळी नसतं. मग कलाकार पुण्यातच बसतो, प्रेक्षक तिकडे कम्युनिटी हॉलमध्ये जमतात, मधला सगळा पूल तुम्ही बांधायचा. इथला हॉल, साऊंड, कलाकाराची गाडी, चहा हे सगळं प्रत्यक्षातलं काम, आणि लिंक, टायमिंग, रिहर्सल हे ऑनलाइनचं. दोन्ही जमणारा माणूस त्यांना सहज सापडत नाही.

सुरुवात लाइव्हने नको, मीटिंगपासून करा

हे कुणी सांगत नाही. ऑनलाइनचा सगळ्यात जास्त पैसा लाइव्ह स्ट्रीममध्ये नाहीये, तो लग्नाआधीच्या चार-सहा महिन्यांत आहे. मुलगा-मुलगी दोघं अमेरिकेत, एकाचे आईवडील नाशिकला, दुसऱ्याचे सांगलीला, लग्न पुण्यात, सुट्टी दोन आठवड्यांची. या घराला असा माणूस पाहिजे असतो जो विश्वासाने सांगेल की तुम्ही थेट हळदीच्या आदल्या दिवशी या, बाकी मी बघतो. तो विश्वास व्हिडिओ कॉलवरच कमवायचाय.

कार्यालय दाखवायला जाताना नुसता व्हिडिओ फिरवून पाठवू नका. कॉल लावा आणि पाहुण्यासारखे चालत जा: गेटपासून, पार्किंगमधून, पायऱ्या किती आहेत, व्हीलचेअर चढते का, वधूपक्षाच्या खोलीतलं बाथरूम कसंय, गिझर चालू करून दाखवा, पंगतीच्या हॉलमध्ये पंखे किती, स्टेजच्या मागे खांब येतो का. मुलीची आई बाथरूमच विचारणार आहे, स्टेजची लायटिंग नंतर. कार्यालयवाले कधीकधी फक्त त्यांचा दोन वर्षांपूर्वीचा सजवलेला फोटो देतात, तुमचा कॉल रिकाम्या, ट्यूबलाइटमधल्या हॉलचा असू दे, लोकांना तो जास्त पटतो.

कॉलची वेळ भारतातली संध्याकाळी ८ ठेवा. थंडीत न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे ९.३० असतात, लंडनला दुपारचे २.३०. कॅलिफोर्नियाला मात्र सकाळचे ६.३०, तिकडच्या मुलांना रविवारी उठवू नका, त्यांना आपली सकाळ द्या. आणि प्रत्येक कॉल संपला की अर्ध्या तासात काय ठरलं ते मराठीत साध्या वाक्यांत ग्रुपवर टाका: मेनूत मठ्ठा कायम, जिलबीऐवजी मूगहलवा, रुखवत मांडायची जागा डाव्या बाजूला, ठरवणारे काका. हे 'ठरवणारे काका' फार महत्त्वाचं, कारण ग्रुपवर अठ्ठावीस माणसं असतात आणि तीन आत्यांची तीन मतं येतात, तेव्हा शेवटचा शब्द कोणाचा हे पहिल्याच कॉलला विचारून घ्यायचं, तेही सगळ्यांसमोर. खर्चाची एक गूगल शीट सगळ्यांना बघायला खुली ठेवा, बदल करायचा हक्क फक्त तुम्हाला. जेवणाची चव ऑनलाइन घेता येत नाही हे मान्य करा, त्यासाठी इथल्या आईवडिलांना केटररकडे प्रत्यक्ष घेऊन जा आणि पोरांना तिथून कॉल लावा, पोरं बघतात, आई चव सांगते, निर्णय जागेवर होतो.

एवढं नीट केलंत तर लाइव्ह नाही घेतलं तरी चालेल, तुमची फी वसूल आहे.

मुहूर्त आणि घड्याळं

लिंक पाठवताना नुसतं 'दुपारी १२.१५' लिहून भागत नाही. डिसेंबरमध्ये आपले दुपारचे १२.१५ म्हणजे न्यूयॉर्कला रात्रीचे पावणेदोन, कॅलिफोर्नियाला *आदल्या* रात्रीचे पावणेअकरा, लंडनला सकाळचे पावणेसात, सिडनीला संध्याकाळचे पावणेसहा. गोरज मुहूर्त संध्याकाळी ६.३० चा असेल तर न्यूयॉर्कला सकाळचे ८ आणि लंडनला दुपारचा १, सिडनीवाल्यांना मध्यरात्र. म्हणजे दोन मुहूर्त निघाले असतील आणि घरचे गोंधळात असतील तर पाहुणे कुठे आहेत ते बघून तुम्ही सुचवू शकता, आणि असा सल्ला दिला की लोक तुम्हाला नुसता डेकोरेटर समजत नाहीत. तारीख मात्र स्पष्ट लिहा, 'शनिवार रात्र' की 'रविवार रात्र' यात कॅलिफोर्नियाचे लोक हमखास चुकतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, इंग्लंडमध्ये हे ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी होतं, त्यामुळे मार्चमधल्या लग्नाला जुन्या मेसेजमधली वेळ कॉपी-पेस्ट करू नका.

आता लाइव्हचं सामान

चांगला कॅमेरा सगळ्यात शेवटी. आधी आवाज, मग इंटरनेट, मग लाइट, मग कॅमेरा. चित्र जरा अंधुक असलं तर लोक बघत राहतात, आवाज फाटला की दोन मिनिटांत बंद करतात.

आवाजाचं गणित असं की हॉलच्या स्पीकरमधून येणारा आवाज मोबाइलच्या माइकने पकडला तर नुसता घुमारा मिळतो. साऊंडवाल्याच्या मिक्सरला ऑक्झिलरी आउट, म्हणजे आवाज बाहेर न्यायची जादा वाट असते, त्यातून वेगळी लाइन ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपला घेता येईल असा करणारी डबी) आणि तिथून लॅपटॉपला घ्या. साऊंडवाल्याला हे आदल्या दिवशी सांगा, चहा पाजून सांगा, कारण लग्नाच्या दिवशी तो तुमचं ऐकणार नाही. लाइनमध्ये गुणगुण येत असेल तर बहुतेक वेळा लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या पॉइंटवर असतात, एकाच बोर्डवर आणून बघा, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स टाका, ही गुणगुण तोडणारी छोटी डबी असते. मंगलाष्टकांच्या वेळची तयारी वेगळी लागते: गुरुजींच्या उपरण्यावर कॉलर माइक, आणि कॉर्डलेस माइक एका मावशीकडून दुसऱ्या काकूकडे फिरत असतो, कोणी तोंडाला लावून गातं, कोणी हातभर लांब धरतं, आणि 'सावधान' झालं की बँडवाला सगळं झाकून टाकतो. तिथे एक मुलगा फक्त माइकपाशी उभा करा, काकूंच्या हाताला धरून माइक जवळ नेणारा. हा मुलगा तुमच्या ऑनलाइन टीमचा सगळ्यात कामाचा माणूस आहे.

इंटरनेटसाठी स्पीड टेस्ट करताना अपलोड बघा, डाउनलोडचा आकडा विसरा. ७२० पिक्सेलचा स्ट्रीम साधारण ४ एमबीपीएसने पाठवला तर अपलोड निदान ८ मिळायला हवा. ४ एमबीपीएस म्हणजे तासाला जवळपास १.८ जीबी, तीन तासांच्या लग्नाला साडेपाच जीबी, रोजच्या २ जीबीवाल्या सिमवर विसंबलात तर सप्तपदीपर्यंत पोचणार नाही. रिकाम्या हॉलमध्ये सकाळी टेस्ट करून खूश होऊ नका, मुहूर्ताला आठशे लोक फोन काढतात तेव्हा तोच टॉवर गुदमरतो. कार्यालयात वायरचं ब्रॉडबँड असेल तर मॅनेजरकडून लॅन केबल मागून घ्या, नसेल तर वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम ठेवा. आणि राउटर, लॅपटॉप, इंटरफेस हे तिन्ही एका छोट्या यूपीएसवर, कारण लाइट गेली की जनरेटर चालू व्हायला काही सेकंद जातात पण राउटर परत उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात अंतरपाट दूर झालेला असतो. काहीही होवो, लॅपटॉपवर किंवा कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग चालू पाहिजे, नेट गेलं तरी नंतर द्यायला काहीतरी हातात राहतं.

कॅमेऱ्याची जागा. लग्नात ऐन मुहूर्ताला फोटोग्राफर, व्हिडिओवाला, त्याचा लाइट धरणारा आणि मोबाइल घेतलेले सहा भाऊ स्टेजच्या समोर उभे राहतात आणि अमेरिकेतल्या मामाला दिसतात फक्त त्यांच्या पाठी. त्यामुळे लाइव्हचा कॅमेरा समोर ठेवूच नका, स्टेजच्या कोपऱ्यात, जरा उंचावर, वधूवरांच्या बाजूने तिरका लावा, अंतरपाटाच्या दोन्ही बाजू एकाच फ्रेममध्ये येतात आणि मध्ये कोणी उभं राहायला जागाच नसते. लेन्सपुढे काच किंवा साधा फिल्टर लावा, अक्षता जोरात येतात. फोटोग्राफरशी आदल्या दिवशी बोलून ठेवा, तो तुमचा प्रतिस्पर्धी नाही, त्याला सांगा की तुझे मुख्य फोटो झाले की अर्धं पाऊल डावीकडे सरक, बहुतेक जण ऐकतात.

कॅमेरे आणि आवाज एकत्र करून लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर म्हणजे ओबीएस स्टुडिओ, फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर आठवडाभर खेळलात की येतं. दोन कॅमेरे, एक पत्रिकेचं चित्र आणि एक 'थोड्याच वेळात सुरू होईल' अशी पाटी, एवढे सीन पुरतात.

यूट्यूब की झूम

नुसतं बघायचंय तर यूट्यूब, बोलायचंय तर झूम किंवा मीट. आजीला झूममध्ये आणू नका, तिला यूट्यूबची लिंक दाबता येते. यूट्यूबवर लाइव्ह पहिल्यांदा चालू करताना फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो आणि मंजुरीला २४ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे नवीन चॅनेल लग्नाच्या सकाळी उघडू नका. मोबाइल ॲपवरून थेट लाइव्ह जायला ५० सबस्क्राइबर लागतात, लॅपटॉपवरून ती अट नाही. लिंक 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे तोच बघेल, सर्चमध्ये येणार नाही. पण ती लिंक कोणी फॉरवर्ड केली तर कोणीही बघू शकतं हे घरच्यांना आधीच सांगा. १२ तासांच्या वर सलग चाललेला स्ट्रीम यूट्यूब साठवून ठेवत नाही, म्हणून सकाळचं सीमांतपूजन ते रात्रीचं रिसेप्शन एकाच स्ट्रीममध्ये ओढू नका, तुकडे करा.

यूट्यूबवर चित्र काही सेकंद मागे असतं. म्हणजे परदेशातल्या आजोबांना स्टेजवरच्या स्क्रीनवर आणून आशीर्वाद द्यायला लावायचे असतील तर ते यूट्यूबने जमत नाही, तिथे झूम लागतं. आणि इथे एक गोष्ट साऊंडवाल्याला दहा वेळा सांगा: झूममधून येणारा आजोबांचा आवाज हॉलच्या स्पीकरला द्यायचा, पण परत झूमला पाठवायच्या लाइनमध्ये तो अजिबात जाऊ द्यायचा नाही, त्या ऑक्झिलरीवर तो चॅनेल शून्यावर. नाहीतर आजोबांना स्वतःचाच आवाज ऐकू येतो, ते थांबतात, 'हॅलो, हॅलो' करतात आणि सगळा हॉल हसतो.

झूमच्या फुकट प्लॅनमध्ये ४० मिनिटं आणि १०० माणसं, मीटमध्ये तीन किंवा जास्त माणसं असतील तर तासभर. पैसे घेऊन काम करताय तर पैसे भरून प्लॅन घ्या, आभारप्रदर्शनाच्या मध्ये मीटिंग बंद पडणं शोभत नाही. गाण्याचा कार्यक्रम असेल तर झूममध्ये 'ओरिजिनल साऊंड' चालू करा, नाहीतर झूमला तानपुरा म्हणजे पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो काढून टाकतं, गायक म्हणतो मला सूर कुठाय. आणि सगळ्यांना अनम्यूट करून एकत्र आरती म्हणायचा हट्ट कोणी धरला तर प्रेमाने नाही म्हणा, प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळाने पोचतो, 'सुखकर्ता' आणि 'लवथवती' एकदमच चालू आहेत असं वाटतं. एकाने म्हणायची, बाकीच्यांनी म्यूटवर राहून टाळ्या वाजवायच्या.

मिनिट टू मिनिट

ऑनलाइन कार्यक्रमाचा मिनिट टू मिनिट, म्हणजे कुठल्या मिनिटाला काय होणार याचा तक्ता, हॉलपेक्षा जास्त कडक लागतो. हॉलमध्ये पाहुणे उशिरा आले तर लोक आपसात गप्पा मारतात, चहा पितात, स्क्रीनवर तीन मिनिटं काही झालं नाही की लोक निघून जातात. व्याख्यान असेल तर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सहा जणांचे सत्कार, प्रास्ताविक हे सगळं बाहेरच्या प्रेक्षकाला नको असतं, पण संस्थेला ते पाहिजेच असतं, त्यावर वाद घालू नका. तोडगा असा की हॉलचा कार्यक्रम ६ ला, लिंकवर 'सुरुवात ६.३०' आणि तोवर पाटी. संस्थाही खूश, लिंकवालेही.

वक्त्यांची रिहर्सल आदल्या दिवशी दहा मिनिटं घ्याच, त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, त्याच वेळेला. वेळ यासाठी की संध्याकाळी खिडकीतलं ऊन मागून येतं आणि वक्त्याचा चेहरा काळा पडतो. मराठी वक्त्यांच्या बाबतीत एक खास दुखणं म्हणजे फॉन्ट. सरांचं प्रेझेंटेशन पंधरा वर्षांपूर्वी श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं असतं, तुमच्या लॅपटॉपवर उघडलं की नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. त्यामुळे फाइल मागतानाच सांगायचं, सर पीपीटीबरोबर पीडीएफ पण पाठवा, त्यांच्याच कॉम्प्युटरवर बनवलेली, त्यात अक्षरं जशीच्या तशी राहतात.

निवेदक एकच असला तरी त्याला दोन प्रेक्षक आहेत हे त्याच्या कार्डावर लिहून द्या. दर वीस मिनिटांनी कॅमेऱ्यात बघून एक वाक्य: चॅटमध्ये कोल्हापूरहून अमुक प्रश्न आलाय. चॅट बघायला वेगळी व्यक्ती ठेवा, शक्यतो मराठी नीट लिहिणारी, आणि नको ते लिहिणाऱ्याला लगेच काढणारी. वेटिंग रूम चालू (म्हणजे आपण घेतल्याशिवाय कोणी आत येत नाही), स्क्रीन शेअर फक्त होस्टला, हे सेटिंग आधी बघून घ्या.

गाणी, परवानग्या, लिंकची फसवणूक

संगीताच्या कार्यक्रमात सिनेमाची गाणी वाजली की यूट्यूबची यंत्रणा कॉपीराइटवरून स्ट्रीम मध्येच अडवू शकते. कायद्यात लग्नाच्या विधींना आणि त्याला जोडून होणाऱ्या समारंभांना सूट आहे, कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, त्यावरून गोव्यात तर प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं, पण यूट्यूबचं मशीन हे कलम वाचत बसत नाही. सरळ उपाय म्हणजे हळद-संगीत लाइव्ह करूच नका, फक्त रेकॉर्ड करा, आणि मुहूर्त, सप्तपदी, कन्यादान एवढंच लाइव्ह. घरच्यांना हे कोटेशन देतानाच सांगा. मंगलाष्टकं, सनई लाइव्ह वाजत असेल तर सहसा त्रास होत नाही, सनईची सीडी लावली असेल तर होऊ शकतो.

दुसरं, लग्नाच्या पत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) पाठवून लोकांचे फोन हॅक करायचे प्रकार बरेच झालेत, पोलिसांनी इशारे पण दिलेत. त्यामुळे लोक आता लिंकला घाबरतात आणि ते बरोबरच आहे. लिंक शक्यतो घरातल्या माणसाच्या नंबरवरून जाऊ द्या, तुमच्या नाही, साधी यूट्यूबची लिंक, शॉर्ट केलेली नको, आणि खाली एक ओळ: काहीही डाउनलोड करायची गरज नाही.

तिकिटाचा कार्यक्रम असेल तर टाउनस्क्रिप्टसारखी ऑनलाइन तिकिटं विकणारी साइट, जी पुण्यातच सुरू झाली, ती वापरा किंवा छोटा असेल तर गूगल फॉर्म आणि यूपीआयचा क्यूआर. हॉलचं तिकीट आणि ऑनलाइनचं तिकीट वेगळ्या दराचं ठेवा, पण ऑनलाइन फुकट ठेवू नका, फुकटचं लोक नाव नोंदवून बघत नाहीत.

पैसे

'फोटोग्राफर लाइव्ह फ्री देतोय' हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. त्यावर भाव कमी करू नका. गिऱ्हाइकाला विचारा, नेट कुणाचं, मिक्सरची लाइन घेणार का, लिंक चालत नाही म्हणून तीस नातेवाइकांचे फोन आले तर कोण उचलणार. ते फोन उचलणं हीच तुमची सर्व्हिस आहे, एक माणूस फक्त त्यासाठी ठेवा, त्याचा नंबर लिंकच्या खाली द्या.

कोटेशनमध्ये ऑनलाइनची वेगळी ओळ पाहिजे, डेकोरेशनमध्ये मिसळायची नाही. भाड्याचं सामान, नेट, माणसं, आणि त्यावर तुमची कोऑर्डिनेशनची फी. सुरुवातीला सामान विकत घेऊ नका, कॅमेरा आणि स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं यंत्र) भाड्याने सहज मिळतात, फक्त ऑडिओ इंटरफेस, चांगल्या केबल आणि यूपीएस स्वतःचं घ्या कारण भाड्याच्या केबल नेमक्या वेळेला दगा देतात. नेट गेलं तर काय, हे लिहूनच द्या: रेकॉर्डिंग किती दिवसांत देणार आणि लाइव्हच्या रकमेतलं किती परत. पूर्ण पैसे कार्यक्रमाच्या आधी, कारण विहिणीची पंगत उठल्यावर कुणाला लाइव्हची आठवण राहत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाणार असेल तर जीएसटी रजिस्ट्रेशन लागतं, आणि इव्हेंट मॅनेजमेंटला १८ टक्के आहे, तो कोटेशनमध्ये आधीच दाखवा. परदेशातल्या मंडळाकडून डॉलरमध्ये पैसे येणार असतील तर पहिलं बिल करण्याआधी सीएला भेटा, निर्यातीचे नियम वेगळे लागतात.

टीम कुठून आणायची, काम कुठून

कॅमेऱ्याला माणूस मिळतो. चॅट आणि फोनला मात्र शांत डोक्याची माणसं लागतात, त्यासाठी मला मास कम्युनिकेशन शिकणारी मुलं बरी वाटतात, आणि त्याहून बऱ्या वाटतात निवृत्त शिक्षिका. गंमत नाही करत, समोरच्याला न चिडता तीन वेळा तेच सांगायची सवय त्यांना असते, आणि साठीच्या पुढच्या नातेवाइकांना त्यांचा आवाज ऐकून धीर येतो. घरूनच काम करता येतं, त्यामुळे त्याही तयार होतात.

पहिलं काम नवीन गिऱ्हाइकाकडे मागू नका. तुमच्याकडे आधीच बुक झालेलं एखादं छोटं, मुंज किंवा साठीशांत, ते निवडा, घरच्यांना सांगा की यावेळी लिंक पण देतो, खर्चापुरतेच पैसे घ्या. त्यातून परवानगीने दोन मिनिटांचा तुकडा काढा, त्यात स्टेजवरच्या मंडळींपेक्षा स्क्रीनवरची आजी आणि हॉलमधलं हसणं दाखवा, तोच तुमचा नमुना. मग ज्या वाचनालयाच्या कार्यक्रमाला तुम्ही मंडप दिलाय, ज्या डॉक्टरांच्या मुलाचं लग्न केलंय, ज्या कंपनीच्या ॲन्युअल डेला जेवण लावलंय, त्यांनाच जूनच्या शेवटी फोन करा. जून यासाठी की आषाढीनंतर त्यांचा हात मोकळा असतो, तुमचाही, आणि कंपन्यांचं दिवाळीचं बजेट अजून ठरायचं असतं. कार्यक्रम संपल्यावर ऑनलाइन नोंदवलेल्या लोकांचे नंबर दुसऱ्या जाहिरातीला वापरू नका, फॉर्मवरच परवानगीचा चौकोन ठेवा, ज्यांनी टिक केलंय त्यांनाच पुढचा मेसेज. आणि रेकॉर्डिंगची लिंक तीन महिन्यांनी काढणार असाल तर तारीख त्याच दिवशी घरच्यांना कळवा, सोबत पेनड्राइव्हवर एक कॉपी देऊन टाका.